वाळवंटांतील घरांचा पाया

घर बांधण्यास जमीन कशी असावी, असें शहरांतील गृहस्थास विचारलें तर तो सांगेल, सपाट, कोरडी, मोकळी आणि स्वस्त. या चारहि गुणांनीं युक्त अशी भूमि म्हणजे वाळवंट. तेथें झाडें तोडावयाचीं नाहींत, शेतकऱ्यास उठवावयाचें नाहीं, आणि चिखल तर औषधालाहि सांपडत नाहीं. परंतु अशा जमिनीवर वसाहत करण्यापूर्वीं जो भूस्तरज्ञ पाहणीस जातो, तो प्रथम पाण्याचा माग काढूं लागतो. हें पाणी त्याला पिण्यासाठीं नको असतें.

वाळवंट म्हटलें कीं डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. त्यांचें भय तितकेंसें नाहीं, कारण त्या दिसतात, आणि शहाणा मनुष्य त्यांच्या वाटेंत घर बांधीत नाहीं. वाळवंटाचा पुष्कळसा भाग मात्र वाळूचा नसून गोट्यांचा, कातळाचा व गाळाचा असतो. खिंडींतून बाहेर पडणारा ओढा आपल्याबरोबर आणलेले धोंडे व रेती डोंगराच्या पायथ्याशीं टाकून देतो, आणि उघडलेल्या पंख्याच्या आकाराचा एक प्रशस्त उतार तयार होतो. पाठीशीं डोंगर, समोर विस्तीर्ण देखावा, सांडपाण्यास आयता ढाळ. बंगल्यांसाठीं याहून मोहक जागा कोणती? पण हा पंखा पाण्यानेंच घडविलेला असतो. ओढा या खेपेस डाव्या अंगानें गेला तर पुढच्या पुरांत उजव्या अंगानें फुटेल. त्याला एक ठराविक पात्र असें नसतेंच.

येथें पाहणी करणारा दगडांचा रंग निरखून पाहतो. हजारों वर्षें उघड्यावर पडून राहिलेल्या दगडांवर लोह व मँगनीज यांचा काळसर, तकतकीत लेप चढतो, आणि गोटे एकमेकांलगत बसून फरसबंदी केल्यासारखी जमीन दिसूं लागते. असा काळा पट्टा म्हणजे तेथें दीर्घकाळ पूर फिरकला नसल्याची साक्ष होय. शेजारींच फिकट, ताजी रेती पसरलेली असली आणि तींत धोंडे अस्ताव्यस्त पडलेले असले, तर ओढ्याचा तेथें अजून राबता आहे असें समजावें. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत हे दोन रंग स्पष्ट उमटतात. जमिनीच्या दलालाच्या नकाशांत मात्र ते बहुधा उमटत नाहींत.

तथापि वरवर पाहून सर्व कांहीं कळत नाहीं, खणावेंहि लागतें. राजस्थानांतील बाडमेर भागांत वर्षाकाठीं सरासरीनें दहा-अकरा इंच पाऊस पडतो. ऑगस्ट २००६ मध्यें त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस अवघ्या कांहीं दिवसांत कोसळला. कवास गांव पाण्याखालीं गेलें, आणि जिल्ह्यांत शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. वाळवंटांत माणसें बुडून मरावींत हें ऐकतांना खरें वाटत नाहीं. पण पुढें घडलें तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. पाऊस थांबला, कडक ऊन पडलें, तरी पाणी हटेना. वाळू पाणी पिऊन टाकते हा नित्याचा अनुभव. येथें ती पिईना. वरच्या वाळूखालीं जिप्समचे थर होते. त्यांतून पाणी मुरण्यास वाट नव्हती, आणि बशींत राहावें तसें तें महिनोन्महिने तुंबून राहिलें. हा थर कोणास अज्ञात होता असें नाहीं. त्या भागांत जिप्सम खणून काढतात. खाणवाल्यास जें धन, तोच घराखालीं बशीचा तळ ठरला.

समुद्रकांठच्या वाळवंटांत खारें पाणी जमिनीच्या पोटांत थोड्याच खोलीवर असतें. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें मातींतून आणि भिंतींतून वर चढतें. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें, आणि त्याचे स्फटिक वाढतां वाढतां विटा व काँक्रीट फोडून टाकतात. बहरीनमध्यें १९७४ ते १९७६ या काळांत ब्रिटिश संशोधकांनीं पृष्ठभागाची जी कसून पाहणी केली, तींत या क्षारांच्या धोक्याचाहि विचार झाला होता.

सर्वांत फसवी माती निराळीच. वाऱ्यानें किंवा चिखलाच्या लोंढ्यानें आणून टाकलेली, आणि त्यानंतर खोलवर कधींच न भिजलेली. तिचे कण चिकणमातीच्या व क्षारांच्या नाजुक बंधानें एकमेकांस धरून असतात. कोरडी आहे तोंवर खड्ड्याची बाजू भिंतीसारखी ताठ उभी राहते; पाहणाऱ्यास वाटतें, पायास याहून चांगलें काय हवें? पाणी लागलें कीं बंध सुटतात आणि ती एकाएकीं खचते. देशावरची काळी माती भिजली म्हणजे फुगते. पण दर पावसाळा तिचा गुण दाखवीत असल्यामुळें गवंडी पाया खालच्या मुरुमापर्यंत नेतो. वाळवंटांत आठवण देणारा असा पावसाळा नाहीं. तेथें जमीन प्रथम खोलवर भिजते ती घरमालकाच्या हातून. अंगणांतील हिरवळीनें, मोरीच्या पाण्यानें, फुटलेल्या नळानें. म्हणून परीक्षक मातीचा न विसकटलेला तुकडा काढून त्यावर घराइतका भार ठेवतो, मग त्याला पाणी पाजतो आणि तो किती दबला तें मोजतो. साऱ्या पाहणींत या एका परीक्षेस कधींहि फांटा देऊं नये.

पाणी आणल्यानें जशी जमीन खचते तशी काढल्यानेंहि खचते. अमेरिकेंतील लास व्हेगसच्या खोऱ्यांत विहिरींच्या उपशामुळें १९३५ पासून त्या शतकाच्या अखेरीपर्यंत कांहीं ठिकाणीं जमीन सुमारें सहा फूट खालीं गेली. तेथील जुन्या भ्रंशरेषा पृष्ठभागावर लहानशा उंचवट्यांच्या रूपानें दिसतात. तशा रेषांवरच १९६० नंतरच्या दशकांत नॉर्थ लास व्हेगसमध्यें विंडसर पार्क ही वसाहत उभी राहिली. घरें दोनशें एकेचाळीस. राहणारीं बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबें, कित्येकांचें तें आयुष्यांतील पहिलेंच स्वतःचें घर. जमीन सर्वत्र सारखी न दबतां कमीअधिक दबली. भिंती तडकल्या, रस्ते उखडले, नळ फुटले. पुष्कळ कुटुंबें पुढें दुसरीकडे गेलीं, पण कांहीं तशाच घरांत राहिलीं. त्यांना अन्यत्र घरें मिळावींत यासाठीं नेव्हाडा राज्याच्या विधिमंडळानें २०२३ सालीं कायदा केला. तोंपर्यंत वसाहतीस सुमारें साठ वर्षें होत आलीं होतीं.