चकाकी बघू नका, पाणी बघा

घरी पीसीबी बनवताना ट्रॅक तुटला की आपण आधी इस्त्रीला शिव्या घालतो, मग प्रिंटरला. माझं म्हणणं, आधी तांब्याचा पत्रा बघा. सबमिशन उद्यावर आलेलं असताना आयसीखालचा केसाएवढा तुटलेला ट्रॅक शोधत रात्र घालवण्यापेक्षा बोर्ड घासायला दहा मिनिटं दिलेली परवडतात.

साध्या कॉपर क्लॅड बोर्डावर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो. पडून पडून त्यावर दोन गोष्टी बसतात: ऑक्साइडचा काळपटपणा आणि बोटांचं तेल. टोनर तांब्याऐवजी त्यांनाच चिकटतो. मग कागद सोलताना रेघ उचलून येते, नाहीतर फेरिक क्लोराइड तिच्याखाली शिरतं.

आता गंमत बघा. घरात तांब्याची भांडी आपण चिंच-मीठ लावून घासतो. त्यातल्या आम्लाने ऑक्साइड विरघळतो, बोर्ड लख्ख दिसतो. पण तेल तसंच राहू शकतं! म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी. ओलंच घासा, उभं, आडवं, सगळीकडे सारखं. जाड पॉलिश पेपर नको, खोल चरे पडतात आणि टोनर त्यांत नीट उतरत नाही. आरशासारखी पॉलिशही नको. थोडा खरखरीतपणा असला की टोनर पकड घेतो. डाग उरलेच तर चिंच-मीठ किंवा लिंबू लावा, मग पुन्हा साबणाने धुवा. शेवटी नळाखाली भरपूर खळबळा.

आता परीक्षा. बोर्ड तिरका धरा. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहिला तर पास. थेंब गोळा झाले, पाणी कुठे मागे सरकलं, तर तिथे तेल आहे. प्लेटिंगवाले याला ‘वॉटर ब्रेक टेस्ट’ म्हणतात. फक्त साबण पूर्ण गेलेला हवा. उरलेल्या साबणानेही पाणी पसरतं आणि नापास बोर्ड पास दिसतो.

पास झाला की स्वच्छ टिश्यूने टिपा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात फिरवा. ते पेट घेतं, त्यामुळे पूर्ण उडून गेल्यावरच इस्त्री जवळ आणा. यापुढे बोर्ड फक्त कडांनी धरायचा आणि प्रिंट लगेच उतरवायची. उद्यावर टाकलंत तर घासणी पुन्हा हातात घ्यावी लागेल.

चला तर मग, भेटू पुढच्या भागात. तोवर बोटं तांब्यापासून लांब ठेवा!