अनंताला माती मानवते तेव्हा

अनंताचं फूल ज्यांनी एकदा ओंजळीत घेतलं, त्यांना त्याचा वास सांगावा लागत नाही. उमलताना पांढरंशुभ्र, मग लोण्यासारखं पिवळसर. कोकणात हे झाड परसदारी सहज वाढतं. आमच्या सोलापुरात मात्र शेजारीपाजारी विचारतात, ‘चाचा, तुमचा अनंत हिरवागार, आमचाच पिवळा का पडतो?’ आणि उत्तर ऐकण्याआधीच म्हणतात, ‘नाजूक जात, आपल्याकडे जगायची नाही.’

मी म्हणतो, आधी पान बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतं. पण आपल्या काळ्या मातीतल्या चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून तिथे ही तक्रार कमी.

मग इथे काय करावं? अनंत मोठ्या कुंडीत लावावा. तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा निम्मा-निम्मा घ्यावा. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घालावं. पिवळेपणा राहिलाच, तर शेतीच्या दुकानात चिलेटेड लोह मिळतं. पाकिटावरच्या प्रमाणातच द्यावं. सकाळचं ऊन हवं, दुपारची सावली हवी. कळ्या धरल्या की कुंडी हलवू नये, माती कोरडी पडू देऊ नये; नाहीतर कळ्या गळतात. छाटणी बहर सरल्यावर लगेच करावी. पावसाळ्यात लावलेली फांदी मूळ धरते.

हे झाड मुळात चीन-जपानकडचं. त्याचं ‘गार्डेनिया’ हे शास्त्रीय नाव बागेवरून आलेलं नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या चार्ल्सटनला राहणाऱ्या डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून ते ठेवलं गेलं. मराठीने त्याला अनंत म्हटलं आणि आपलं केलं. आता त्याचं मूळ गाव कोणी विचारत नाही. शेजारच्या वहिनी पूजेसाठी दोन फुलं नेतात, तिसरं आमच्या घरात पाण्याच्या वाटीत तरंगतं.

तेव्हा पान पिवळं पडलं म्हणून झाडाला परकं ठरवू नका. त्याला हवं ते याच मातीत आहे. ते त्याच्या मुळांपर्यंत पोचेल, एवढं बघा.