आपल्या आजाराची नोंद



‘आभा कार्ड काढून घ्या,’ असं गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई सांगतात. पुष्कळांना वाटतं, हे 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड. ते आयुष्मान कार्ड, ते वेगळं. ‘आभा’ म्हणजे आपल्या आजारपणाच्या नोंदी जोडणारा 14 अंकी क्रमांक. त्यामागचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं.

आपल्या भागाला त्याची गरज मोठी आहे. मुखेड-कंधारची माणसं ऊसतोडीला दूर जातात, नांदेडचा रुग्ण हैदराबाद गाठतो, लातूरचा सोलापूर नाहीतर बार्शी. फाईल घरी राहिली की रक्ताची तपासणी पुन्हा, सोनोग्राफी पुन्हा, खर्चही पुन्हा. शिवाय कोणती गोळी चालू आहे, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही. त्यात जिवाला धोका असतो.

नोंद ठेवल्यानं काय साधतं, ते आपल्या शेजारीच दिसलं आहे. 1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरले. पुढे 1999पासून, अशाच नोंदी ठेवत, लातूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदा एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी देऊ केली, त्यात या कर्करोगानं 34 मृत्यू झाले. जिथं तपासणी देऊ केली नव्हती, त्या जवळपास तेवढ्याच गटात 64. आज जागतिक आरोग्य संघटना याच चाचणीला पसंती देते.

पण त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. ज्याच्या शरीरातून माहिती मिळते, तिचा पहिला लाभ त्यालाच मिळाला पाहिजे.

म्हणून आभा काढा, पण समजून घेऊन. ते ऐच्छिक आहे. नोंदी ज्या त्या दवाखान्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तुमची संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मोबाईलवर आलेला ओटीपी सांगण्याआधी ‘हा कशासाठी?’ असं जरूर विचारा. बऱ्याच घरांत एकच मोबाईल असतो, तोही बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. मग बाईच्या नोंदीला होकार कोण देतं? आरोग्य कर्मचाऱ्यांना माझी विनंती आहे: तिला वाचून दाखवा, समजावून सांगा आणि होकार तिच्याच तोंडून घ्या.

आणि कागदी रिपोर्टही जपून ठेवा. सगळे दवाखाने अजून जोडलेले नाहीत.

आशाताई रक्तदाब, शुगर लिहून नेतील, तेव्हा त्यांना विचारा: ‘माझा रिपोर्ट काय आला? आता मी कुठं जायचं? औषध कधी सुरू होणार?’ नुसती नोंद घेऊन काम संपत नाही. उपचार मिळेपर्यंत हे विचारत राहणं हा आपला हक्क आहे.