शंखासुराचे बीज
कोल्हापुरातील घरांच्या आवारांत केशरी-पिवळ्या फुलोऱ्यांनी शोभणारा शंखासुर बियांपासून इतक्या सुलभतेने वाढतो की, रोप विकत आणण्यापेक्षा हा मार्गच मला अधिक आनंददायी वाटतो. शेंगा तडकून बी दूर उडण्यापूर्वी, त्या तपकिरी होताच उतरवून घेण्याची तजवीज ठेवावी. या बियांचे कवच अत्यंत कठीण असल्यामुळे, ते एका बाजूस कानशीने किंचित घासून, बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि जे फुगेल तेवढेच अर्धा इंच खोल पेरावे. पंचगंगाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत तिच्यासोबत वाळू व शेणखत मिसळावे. वैशाखात पेरलेले रोप आषाढातील मुसळधार पावसापूर्वी मूळ धरते. बिया विषारी आहेत, त्या मुलांच्या हाती पडू न देण्याची खबरदारी अवश्य घ्यावी.