कासाच्या बाळाला ऐकू येतं का?

डहाणू तालुक्यातल्या कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात आसपासच्या पाड्यांवरच्या बाया बाळंतपणाला येतात. बाळाचं वजन होतं, लस टोचली जाते. त्याला ऐकू येतं का, हे मात्र पुष्कळदा दोन-तीन वर्षांनी कळतं. मूल बोलत नाही म्हटलं की आजी सांगते, "बापूसही उशिराच बोलला याचा."

तपासणी अवघड नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी बसवतात. यंत्र बारीक आवाज सोडतं. आतला कान शाबूत असेल तर त्यातून अगदी क्षीण प्रतिसाद परत येतो. तो आला नाही, तर आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पुढच्या चाचणीत बघतात. जगभर मानलेला दंडक असा: महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू.

श्रवणयंत्र बसवण्यासाठी कानाचा साचा घ्यावा लागतो. पडद्याला इजा होऊ नये म्हणून दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा आत सरकवायचा, मग पिचकारीनं मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत रडणाऱ्या बाळाचं डोकं धरून बसायचं. बाळाचा कान वाढतो, काही महिन्यांत साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि घरचे ते काढून फळीवर ठेवतात. पावसाळ्याच्या दमट हवेनं ते बिघडतं ते वेगळंच. कान वाहत असेल तर आधी तो कोरडा व्हायला हवा. एवढ्यासाठी दर खेपेला डहाणू रोडला लोकल धरून मुंबई गाठायची, हे रोजावर जाणाऱ्या आईबापाला कसं परवडावं?

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच तालुक्यात, कोसबाडला, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावर नेली. श्रवणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनीही तसंच इथं यावं, असं मला मनापासून वाटतं. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाणी-श्रवण संस्था आहे. तिथल्या आणि इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचे काही महिने कासा-तलासरीत का जाऊ नयेत? इथं त्यांना पुस्तकाबाहेरचं शिकायला मिळेल. वारली आईला "शुद्ध मराठीत बोला" म्हटलं की ती बाळाशी बोलायचीच थांबते; आणि त्या बाळाला सर्वांत जास्त गरज असते ती आईच्या बोलण्याची. यंत्राचा उपयोग नसलेल्या मुलांना सांकेतिक भाषा लवकर द्यायला हवी, तीही घरच्या सगळ्यांना शिकवून.

आणि आपल्याच मुली-मुलांनी श्रवणशास्त्र का शिकू नये? बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. पुढं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. बहिऱ्या मुलांना शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड., एम.एड. आहे. प्रवेश घेताना अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, एवढं आधी बघा. परिषदेच्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही.