हरकामी माणसाची जागा

आज एका बेसबॉल खेळाडूविषयी बोलतो. बेन झोब्रिस्ट. टॅम्पा बेच्या संघात त्याची जागा ठरलेली नसे. आज सेकंड बेस, उद्या शॉर्टस्टॉप, परवा थेट आउटफिल्ड. प्रत्येक ठिकाणी चेंडू वेगळा येतो, फेक वेगळी लागते, म्हणजे सरावही वेगळा.

२०१६ची वर्ल्ड सिरीज. शिकागो कब्स विरुद्ध क्लीव्हलँड, सातवा सामना, ६-६ बरोबरी. पावसानं सतरा मिनिटं खेळ थांबला. मग दहाव्या डावात झोब्रिस्टनं डावीकडे डबल मारला आणि आघाडी मिळाली. कब्स १०८ वर्षांनी जिंकले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

माझ्या कंपनीत असाच एक जवान होता. गाडी चालवायचा, वायरलेस सांभाळायचा, वेळ पडली तर लंगरही बघायचा. बढतीच्या वेळी मी म्हणालो, "याचं नेमकं काम कोणतं?" आणि दुसऱ्याची शिफारस केली. त्यानं सॅल्यूट ठोकला, बोलला काही नाही.

उत्तर मला निवृत्तीनंतर कळलं. खिंडार पडेल तिथे उभं राहणं, हेच त्याचं काम होतं.

तुमच्याकडे असा कोणी असेल, तर त्याला आजच तसं सांगा. माझं सांगायचं राहून गेलं. जय हिंद.