जुन्या घरांतील सॉकेट : दिसणारी खूण, न दिसणारा धोका

चंदीगडचे सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा होय. नगररचना ल कॉर्ब्युझिए यांची; शासकीय निवासस्थानांचे आराखडे प्रामुख्याने पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांचे. या टप्प्यातील एका घराचे सदनिकांत विभाजन करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी मनाई केली. वारसा जपण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहेच. परंतु त्याचा एक अर्थ असाही की, यांतील अनेक जुनी घरे पुढेही वापरात राहतील आणि त्यांच्या भिंतींवरील वायरिंगही.

हे वायरिंग ज्या काळात झाले तेव्हा सामान्य घरात दिवे, पंखा आणि फार तर रेडिओ असे. आज त्याच घरात गीझर, वातानुकूलन यंत्र, उन्हाळ्यात पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर आणि थंडीत हीटर चालतो. पंजाब विद्यापीठ, पीजीआय यांसारख्या संस्थांमुळे ‘नॉलेज सिटी’ म्हणवणाऱ्या या शहरात भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थीही पुष्कळ.

कालबाह्य सॉकेट ओळखावा कसा? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोल पिनांचा प्लग हा ब्रिटनच्या १९३४ च्या बीएस ५४६ या मानकातून आला. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक स्वीकारले. भारतात मात्र गोल पिनाच आयएस १२९३ या मानकानुसार प्रचलित राहिल्या. म्हणून परदेशी पुस्तिका वाचून गोल छिद्रे दिसताच सॉकेट बाद ठरवणे चुकीचे होईल. पाहावयाचे ते वेगळेच. केवळ दोन छिद्रे असणे, म्हणजेच अर्थिंगचे तिसरे छिद्र नसणे, ही पहिली खूण. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला काळा अथवा तपकिरी बॅकेलाइटचा गोल सॉकेट, लाकडी पट्टीवरून गेलेली कापड-रबराच्या आवरणाची तार आणि चिनी मातीचे फ्यूज ही वायरिंगच्या वयाची साक्ष. प्लग सैल बसणे, सॉकेट तापणे, कडेला करपल्याचा डाग दिसणे या लक्षणांना तर वयाची अट नाही.

खरा धोका मात्र नव्या दिसणाऱ्या सॉकेटमध्ये दडलेला असू शकतो. पुष्कळदा जुना दोन छिद्रांचा सॉकेट काढून तेथे पांढराशुभ्र तीन छिद्रांचा बसवला जातो, पण मागे अर्थिंगची तारच नसते. जुना सॉकेट निदान आपली उणीव लपवत नव्हता. काही ठिकाणी तिसऱ्या छिद्राला न्यूट्रलच जोडतात. हे अधिक घातक, कारण न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरू शकते. टेस्टर तिसऱ्या छिद्रात पेटला नाही, एवढ्यावरून अर्थिंग आहे असे सिद्ध होत नाही. परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजणी करून घेणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवणे, हाच त्यावरील उपाय.

अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. त्यात आणखी एक पेच आहे : खर्च घरमालकाने करावयाचा, सुरक्षितता भाडेकरूला मिळावयाची. साहजिकच खर्च पुढे ढकलला जातो. १ फेब्रुवारी २०२५ पासून चंदीगडचे वीजवितरण खासगी कंपनीकडे गेले असून दरांचे नियमन संयुक्त वीज नियामक आयोग करतो. तथापि वितरक कोणीही असो, मीटरच्या पुढील वायरिंग सुस्थितीत ठेवणे घरमालकाकडेच राहते. मीटर बदलताना अथवा भाडेकरार करताना अर्थिंगच्या तपासणीचा दाखला मागण्याची प्रथा पडली, तर घर पाहावयास आलेल्या भाडेकरूला पांढऱ्या सॉकेटमागे तार आहे की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच कळेल.